लावले म्हणजे लावले

चोरोल : दार आपटा मेमे, जोरात. नुसतं लोटून लागत नाही ते.

मुतुप : म्हाताऱ्या मेमेला शिकवतेस? तू रांगत होतीस तेव्हापासून हे दार मी आपटतोय. पुढच्या चाकांचे हब लावलेस?

चोरोल : लावले.

मुतुप : दोन्ही चाकांचे?

चोरोल : दोन्ही. डावीकडची चकती फिरवली, उजवीकडची फिरवली. मागच्या चाकांना साखळ्याही चढवल्यात. निघू?

मुतुप : थांब. मी उतरून बघतो.

चोरोल : अहो, बाहेर गुडघाभर बर्फ आहे! लावले म्हणतेय ना मी.

मुतुप : तुझा बापही हेच म्हणाला होता. 'लावले म्हणजे लावले.' त्याच्या शब्दावर बसून राहिलो आणि बर्फात पायाची तीन बोटं गेली माझी. सरक, काठी दे.

(तो उतरतो, दोन्ही पुढची चाकं चाचपतो, परत येऊन दार आपटतो.)

चोरोल : झालं समाधान?

मुतुप : लागलेत. पुढची चाकंही ओढतील आता, काढ गाडी. चढावर ब्रेकला पाय लावशील तर याद राख.

चोरोल : नाही लावत. मेमे, तुमचा मुलगा येऊ देत नव्हता तुम्हाला. खरं सांगा, मनापासून आलात ना?

मुतुप : तुझ्या बापासाठी नाही आलो. फासपुन आहे म्हणून आलो. आपल्या चार घरांचा एकच ल्हा, एकच कुलदैवत, मग एकमेकांची प्रेतं आपणच उचलायची. माझी बायको पाल्मो गेली तेव्हा तुझ्या बापानं, तुंडुपनंच उचलली तिला.

चोरोल : तेव्हाही बोलला नाहीत एकमेकांशी?

मुतुप : प्रेत उचलताना काय गप्पा मारायच्या?

चोरोल : उचलायला गावात तिघंच आहेत हो. चौथे तुम्ही. आम्ही घरचे तर हातही लावू शकत नाही. ओन्पोंनी पंचांग बघून उद्या सकाळचीच वेळ काढून दिलीय, ती चुकली तर पुढची बारा दिवसांनी. आबांना तसंच बांधून बसवलेलं ठेवायचं बारा दिवस? आमाला बघवेल का ते?

मुतुप : मग बोलणं कमी कर आणि समोर बघ. डावीकडे दरी आहे, मला इथनं दिसतेय.

चोरोल : काल तुम्हाला न्यायला गावाहून हा ल्या, ही खिंड उतरले तेव्हा कोरडा होता रस्ता. सगळं रात्रीत पडलं.

मुतुप : दुसऱ्या गिअरमध्येच राहू दे. तसंच. चाक सरळ धर. अगं सरळ! रेस नको देऊस, रेस नको, उकरतेय ती बर्फ... गेली. बसली.

चोरोल : निघेल. फावडं काढते मी.

मुतुप : चोरोल, हा चौथा वळसा आहे. वर अजून पाच आहेत. मागे उतरवू गाडी, उद्या पहाटे बघू.

चोरोल : उद्या पहाटे आबांना बाहेर काढायचंय. मी नाही मागे फिरणार. तुम्हाला थंडी वाजत असेल तर गाडीत बसा आणि चहा घ्या.

मुतुप : थंडीची भीती मला घालतेस? अगदी बापावर गेलीयस. दे ते फावडं इकडे, तू आत बस. मी सांगीन तेव्हा हळूच क्लच सोड. हं, सोड... बंद कर! बंद!

चोरोल : काय झालं?

मुतुप : पुढची चाकं हललीच नाहीत. मागचीच नुसती गरगरतायत.

चोरोल : असं कसं होईल? तुम्हीच बघितलेत की हब!

मुतुप : डावा लागलाय. उजवा... ये इकडे. उतर, हे बघ. चकतीवरचा बाण कुठं आहे?

चोरोल : सुटलाय. पण मी लावला होता, मेमे. आमाची शपथ!

मुतुप : शपथ कशाला खातेस, मी या हातानं चाचपला होता. आणि एक सुटला की दुसऱ्याचाही जोर जातो. चकती परत फिरव आणि आत बस. आता हातभर पुढे घे. हातभर मागे. थांब.

चोरोल : आता?

मुतुप : सरकला. लावलेला बाण आपोआप सरकला. कोंचोक, देवा रे!

चोरोल : मेमे? खाली काय बसलात बर्फात? उठा.

मुतुप : त्यानं लावले होते गं.

चोरोल : कुणी?

मुतुप : तुझ्या बापानं. त्या रात्री याच गाडीत इथंच वर अडकलो आम्ही. सकाळी बर्फ उकरून मी स्वतः पाहिलं, उजवा सुटलेला. म्हटलं, हा आळशी उतरलाच नाही, माझ्या तोंडावर खोटं बोलला. लोसरच्या, नव्या वर्षाच्या जेवणात सगळ्या गावासमोर खोटारडा म्हणालो त्याला. तो इतकंच म्हणाला, लावले म्हणजे लावले, आणि भरल्या ताटावरून उठून गेला.

चोरोल : त्यानंतर हिवाळ्यात ही गाडी त्यांनी ल्यावर घातलीच नाही. उन्हाळ्यात कोण हबला हात लावतं? कुणाला कळणार?

मुतुप : मला कळायला हवं होतं. वीस वर्षं शेजारी बसलो त्याच्या. कधी खोटं बोलला होता तो?

चोरोल : आम्ही घरातही चिडवायचो त्यांना. कडी लावलीत का आबा? लावली म्हणजे लावली ना? आम्ही हसायचो, आणि ते उठून गोठ्यात जायचे. मीसुद्धा हसायचे, मेमे.

मुतुप : पूस डोळे, पापण्या गोठतील. रडायचं ते खाली जाऊन रडू, दोघं मिळून. पक्कड आण. तार आहे गाडीत?

चोरोल : कुंपणाची आहे.

मुतुप : चालेल. चकती जागेवर धरून बोल्टांना आवळून टाकू, बघू कशी सरकते ते. पीळ दे. अजून एक.

चोरोल : बोटं चालेनात माझी.

मुतुप : माझ्या बाहीत घाल, गोन्च्याच्या आत. गरम झाली की परत धर. तुंडुपपाशी आज मी पोचल्याशिवाय राहत नाही, तू बघच.

चोरोल : आवळली. हलत नाहीये.

मुतुप : बस आत. रेस न देता सोड. सोड... चाललीय! पुढची ओढतायत! थांबू नकोस, वळशावर थांब, मी येतो चालत!

चोरोल : चढा लवकर! धापा टाकताय, आता बोलू नका.

मुतुप : बोलणार. अकरा वर्षं तोंड शिवून बसलो होतो.

चोरोल : ते बघा, झेंडे दिसायला लागले. आला माथा. थांबवते मी, तुम्ही श्वास घ्या, तोवर मी तार बघते.

मुतुप : कि कि सो सो! ल्हा ग्यालो!

चोरोल : मेमे! देवांचा जयजयकार कसला करताय, आपण मयताला चाललोय!

मुतुप : माहितेय. हे त्याच्या वाटचं ओरडलो. त्याचा आवाज मोठा होता माझ्याहून.

चोरोल : आता गेलो की काय करणार तुम्ही पहिलं?

मुतुप : लामाजी वाचत बसले असतील त्याच्यापाशी. त्यांना म्हणेन, पोथी जरा थांबवा, मला दोन शब्द बोलायचेत त्याच्याशी.

चोरोल : ऐकू जाईल त्यांना?

मुतुप : तीन दिवस ऐकू जातं म्हणतात. आज तिसरा आहे. म्हणून म्हणतो, चल.

चोरोल : उतार मोठा आहे. एकदा उतरून बघून घेता का हब?

मुतुप : तू बघितलेस?

चोरोल : बघितले. लागलेत.

मुतुप : मग मी कशाला उतरू? चल.