शेवळांच्या पानावरची ओळ

नाय हो साहेब, माझ्या जुन्या खात्याचा पासवर्ड विसरले असं कुठं म्हटलं मी? आठवतोय, पण देणार नाय, एवढंच. बसा, पंखा लावते. तुमच्या संस्थेला भिसेगावची तस्लीम आठवली कधी — तर रानभाज्यांची साईट बघून शेवळांची भाजी केलेल्या लोकांचे घसे सुजले तेव्हा! सुजणारच. शेवळात काकडाची फळं घालावीच लागतात, नायतर घसा खाजून जीव नको होतो. ती ओळ होती माझ्या पानावर, लाल अक्षरात. तुमच्या ऋषिकेशनं काढली — का, तर पान सुटसुटीत दिसावं म्हणून!

दोन वर्षं, साहेब. दर रविवारी हे झेरॉक्सचं दुकान बंद ठेवून कशेळ्याला जायचं, तिथनं जीप, मग चढ चढून ठाकरवाडी. एकशे दहा रानभाज्या, प्रत्येकीचं एक साधं पान. मी इथं ओळ बदलायची, रेपॉझिटरीत, म्हणजे साईटच्या फायली ठेवायच्या जागी, कमिट टाकायची — म्हणजे नोंद हो, कुणी बदललं, कधी बदललं — की मिनिटाभरात साईटवर नवं पान हजर. नोंदी सगळ्या माझ्या नावावर. मग ऋषिकेश आला, म्हणाला, 'ताई, संस्थेच्या खात्यात ठेवू, सुरक्षित राहील.' आणि केलं काय? नुसत्या फायली उचलल्या, नवी रेपॉझिटरी उघडली, माझ्या सहाशे नोंदी मागंच सोडल्या. आता तिथं पहिली नोंद कुणाची? ऋषिकेशची. साईटला बक्षीस मिळालं, तर ते घ्यायला स्टेजवर कोण? तोच. आणि मी मागच्या रांगेत टाळ्या वाजवत — हो, वाजवल्या, काय करणार?

जुनी प्रत हाय माझ्याकडं. ही बघा — शेवळं, काकडाची ओळ, बारा जून, तस्लीम. पुरावा पायजे ना तुमाला? हा घ्या. काय? मला कुणी सांगितलं? जनानं. वाडीतली जना. मी शेवळाचा तुकडा कच्चाच तोंडात घालत होते, तर हातातनं ओढून घेतला तिनं — सगळंच तिनं सांगितलं, एकशे दहाच्या एकशे दहा, मला तर टाकळा कुठला नि कुर्डू कुठली तेही कळत नव्हतं. तिचं नाव? घालणार होते. तिनं विचारलंही होतं, 'माजा नाव हाय ना गं त्यात?' मी म्हटलं, हाय. तिला वाचता कुठं येतं — म्हणजे तसं नाय, शेवटी घालणार होते, सगळी पानं झाली की... शोधू नका. सहाशे नोंदी चाळल्यात तरी नाय सापडणार. अहो, नोंदी खाली कशाला सरकवताय — माऊस द्या इकडं.

ओळ कागदावर उतरवून घ्या नि निघा. निघा म्हणते ना.