गुंड्याचा पेपर

आमच्या घरी तमिळ पेपर कसा सुरू झाला, ते सांगते. नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून तमिळ मुलखात, वेलचेरीत राहायला आलो आणि लेकीच्या हट्टापायी कुत्र्याचं पिल्लू आणलं, गुंड्या. त्याला शू करायला जमिनीवर कागद पसरावे लागत, पण नव्या घरात रद्दी कुठली? म्हणून पेपर लावला. त्यातल्या त्यात जाडजूड दिसला तो तमिळ. आम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

शेजारचे सेल्वम सर तमिळचे निवृत्त शिक्षक. दारातला पेपर बघून एका सकाळी ते घरी आले. इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही आमची भाषा शिकताय, फार बरं वाटलं. मी रोज शिकवत जाईन."

इतक्या प्रेमानं बोलले की खरं सांगायचा धीरच होईना. त्यांनी पेपर जमिनीवर पसरला आणि बोट ठेवून पहिली बातमी वाचायला घेतली. तेवढ्यात गुंड्या आला, गोल फिरला आणि बरोबर त्या बातमीवर बसला.

"शाब्बास गुंड्या," मी सवयीनं बोलून गेले.

सरांनी बातमीवरचं बोट मागे घेतलं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पेपर याच्यासाठी लावलाय?"

मी खालमानेनं हो म्हटलं.

"आणि ही बातमी कुठल्या पुढाऱ्याची होती, तेही कळलं नाही?"

"नाही सर."

"मग तमिळ शिकाच," सर गुंड्याला थोपटत म्हणाले. "वाचता आलं की तुम्ही त्याला मनापासून शाब्बास म्हणाल."