सतराने भागल्यावर

सौदीतल्या दम्मामच्या दवाखान्यात मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं, तसे गौरीचे कान टवकारले. शाळेच्या गणवेशातली मुलगी आईला फोन दाखवत होती.

"अम्मी, एक भागिले सतरा. आकडे कुठेच फिरून येत नाहीत. इर्रॅशनल!"

"फोनची जागा संपली, अरवा. भागाकार कुठे संपलाय?"

"तू तर नववीत शाळा सोडलीस."

"भागाकार त्याआधीच शिकले होते. सतराने भागलं की बाकी किती तऱ्हेची उरेल?"

"एक ते सोळा. शून्य उरली तर भागाकारच संपला."

"मामाच्या कामगार-कॅम्पात सोळा जण पाळीने रांधतात. सतराव्या दिवशी कोण?"

"पुन्हा कुणीतरी जुनाच."

"मग? कागदावर कर."

बराच वेळ पेन चाललं.

"अम्मी! सोळा आकडे झाले आणि बाकी पुन्हा एक! म्हणजे रॅशनल. अपूर्णांक असला की आकडे संपतात, नाहीतर फिरून येतातच. रूट दोनचे कधीच नाही येत."

"बघ."

"तुझा तो बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म पर्समध्येच आहे ना?"

"आहे. पण आता या वयात..."

गौरीचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

"पेन हातातच आहे, अम्मी. पूर्ण नाव सांग."

"शरफुन्निसा. आणि अक्षर नीट काढ हां!"