उत्तर आलंच न्हाई

– न्हाईत ते घरी, बाजारला गेलेत, पन म्हनून काय उंबऱ्यातनंच माघारी जाता का? शिरूरहून यष्टीत उभं राहून आलात, या की आत. फोन लावता? लावा. त्यो बगा वाजला, फळीवर हाय. सव्वीस वर्सं हितं पाटोद्यात पाळक म्हनून लोकाच्या दारोदार फिरले, रिटायर होऊन सहा झाली, आता तरी फोन सोबत न्यावा का न्हाई – न्हाई. बसा त्या खाटंवर, उशी सारा बाजूला. च्या जरा दमानं करते, हात हुलग्याच्या पिठात हायेत, शेंगोळे वळतेय. तुमी खाऊनच जायचं. न्हाई म्हनू नका अनुग्रह पास्टर, पाळकानं हे आदी शिकावं – कुनी ताट केलं तर बसायचं. तुमाला वाटतं, गरिबाच्या घरचं कावून खावं, त्यालाच पुरत नसंल. त्याला काय वाटतं म्हाईत हाय का? आपल्या घरचं ह्यांना चाललं न्हाई, असं वाटतं. एका भाकरीसाठी एक घर तुटतं.

तोंड कावून सुकलंय वो तुमचं? आईतवारी किती आले व्हते? सात. दीपमाला अन् तुमी धरून का सोडून? धरून – म्हंजी पाच. हसू नका तर काय करू, मला आमचे दिवस आठवले. जानेवारीत शिरूरला मानूस असतंय कुठं, अर्धा तालुका उसतोडीला गेलेला. आमच्याकडं तर एका आईतवारी चारच जन – आमचे साहेब, मी, छबुबाई अन् शहादेव. शहादेव जिनिंगवर रातपाळीचा वॉचमन, त्यो पयल्या गीतातच झोपायचा. छबुबाई कानानं बहिरी. म्हंजी पाऊन तासाचा उपदेश कोन ऐकायचं – मी. अन् त्यो तर मी शनवारीच ऐकलेला असायचा, भाकरी थापता थापता. छबुबाई मातर दर येळी दारात साहेबांचा हात धरायची अन् म्हनायची, लई चांगलं बोललात. साहेब घरी येऊन रुसून बसायचे – म्हनायचे, तिला काय कळलं? मी म्हनायचे, तुमी आलात हे कळलं, अजून काय पायजे.

साहेबांनी हितं आल्या आल्या काय केलं असंल? भिंत बांधली, चर्चला कंपाउंड. मंग आवाजाचं मशीन आनलं. बारा मानसाला मशीन कशाला लागतंय? पन नवीन मानसाला वाटतं काहीतरी दिसलं पायजे. दीड वर्स झालं तरी कुनाच्या लेकराचं नाव घेता यायचं न्हाई त्यांना – ए बाळ, ए ताई, असं. तुमी तसं करू नका. पयलं नावं पाठ करा, म्हातारीचं, सुनंचं, शेळीला नाव असंल तर शेळीचं बी. नाव घेतलं की मानूस आपलं दुखनं आपनहून सांगतं.

काय म्हनलात? हां – ऐकलंत का तुमी साहेबांची ती साक्ष. बीडच्या मेळाव्यात सांगितली असंल, दर साली सांगतात. म्हनतात, मी बदली मागितली, मंडळाला पत्र ल्याहलं, उत्तर आलंच न्हाई, अन् मला कळलं की देवाचं गप्प राहनं हेच उत्तर हाय. लोक डोळे पुसतात, हां. मी बी पुसते.

पन तुमी कावून इचारता? तुमी बी ल्याहलंय? कवा – दिवाळीच्या आदी. आनि उत्तर? न्हाई. तीन महिने झाले. मंग तुमी समजलात, देवाला तुमाला शिरूरलाच ठिवायचंय. अन् म्हनून हे असं तोंड. दीपमाला काय म्हनती? माहेरी गेली? कवा येनार ते सांगितलं न्हाई का. बगा, मी शेंगोळा केवढा जाड वळला. थांबा. जरा थांबा, हात धुते.

हे साहेबांला म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत न्हाई. पन तुमी त्या साक्षंवर संसार टांगून बसलात, मंग मी गप्प बसून कसं चालंल.

ते पत्र गेलंच न्हाई. मीच टाकलं न्हाई. भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात, साहेबांनी माज्या हातात पाकीट दिलं, म्हनले बाजारला चाललीस तर पेटीत टाक. मला म्हाईत व्हतं आत काय हाय. मला बी जायचंच व्हतं की हितनं, मी काय संत न्हाई – पान्याला दोन फर्लांग, शेजार ना पाजार. मी टाकायलाच निगालते. पन स्टँडपाशी मनकर्णा दिसली, आपल्याच चर्चची, अजिनाथची बायको. दोघं दिवाळीलाच उसाला गेलते. ती एकटीच यष्टीतनं उतरली, काखंत गाठोडं – म्हनलं ह्यात काय, तर पाच दिवसांची पोरगी. फडातच बाळंत झाली, पाचटाच्या कोपीत थंडीनं लेकरू काळं-निळं पडाय लागलं, म्हनून घरला निगाली. अजिनाथला मुकादमानं सोडलं न्हाई. अन् घरी कोन, तर कुलूप – सासू-सासरे बी उसालाच. मी इचारलं, कुठं चाललीस? ती म्हनली, बगते. हे बगते काय असतंय? मी गाठोडं घेतलं अन् तिला घरी आनलं. पाकीट पिशवीच्या तळाशी राहिलं. त्या दिवशी खरंच इसरले वो. खोटं न्हाई बोलत.

बावीस दिवस राहिली ती हितं. आनि काय सांगू, ज्या मानसाला लोकाच्या घरात चपला काढून बसाय येत न्हवतं, त्यो चुलीवर बाळंतिनीचं पानी तापवाय लागला. पोरगी रडली की खांद्यावर टाकून कंपाउंडातनं चकरा – स्तोत्र म्हनत, बेसूर. तिचं नाव त्यांनीच ठिवलं, सावली. शहादेव कामावरून येताना दूध आनायचा, अन् छबुबाई बहिरी खरी पन मालिश काय करायची, लेकराला ऐकू यावं म्हनून गानं मोठ्यानं. त्या चार मानसात पयल्यांदा मला चर्च दिसलं. मंग लेकराला बळ आल्यावर साहेब सोता मनकर्णाला कारखान्यावर पोचवाय गेले, दोन दिवसांत येतो म्हनले, आले आठव्या दिवशी. काळे पडलेले, हाताला फोड. म्हनले, अगं, आपलं सगळं चर्च तितं हाय. पाचटाच्या कोप्यात, ओळीनं. मी हितं रिकाम्या बाकड्याला उपदेश करतोय अन् मानसं तितं मोळ्या बांधतेत. उपदेश दिला का तितं, मी इचारलं. म्हनले, दिला – सगळे बसल्या जागी झोपले. दुसऱ्या दिवशी मी बी मोळी बांधाय घेतली, ती ट्रकला चढायच्या आदीच सुटली, सगळे एवढे हसले, त्यानंतर बोलाय लागले. मंग साहेब दर जानेवारीत जायचे, पंचवीस वर्सं. चार ओळींचा उपदेश अन् प्रत्येक कोपीत घटकाभर बसनं.

मंग पाकिटाचं काय, असं इचारता. त्या आठ दिवसांत मला पिशवीत सापडलं. हातात घेतलं, स्टँडपतोर गेले बी. अन् माघारी आले. तवा मातर इसरले न्हाई, जानून. साहेब आले ते पयले चार दिवस पोस्टमनची वाट बगत व्हते, पुढं पुढं त्यो दिसला की तोंड फिरवाय लागले, मला कळायचं – आता त्यांना उत्तर नको व्हतं. सांगायचं व्हतं तवाच. पन मी म्हनलं, सांगितलं अन् पुन्हा टाक म्हनले तर? तेवढ्यात ईस्टर आला, मानसं उसावरून परतलेली, चर्चमधी बसाय जागा न्हाई, अन् साहेब उभे राहून म्हनले – देव गप्प राहिला. मनकर्णा रडली, अजिनाथ रडला. आता मी मधीच उठून म्हनू का, देव न्हाई वो, मी?

हसा, हसा. बरं वाटलं तुमाला हसताना बगून. पन हसन्यावारी नेऊ नका. त्यांचं भलंच झालं, ते मी बी म्हनते. तरी त्यांच्या जल्माचा निर्नय म्या घेतला, त्यांना न इचारता, अन् एकतीस वर्सं त्याला देवाचं नाव लागू दिलं. म्हनून तुमाला सांगते, उत्तर आलं न्हाई तर देवावर घालू नका – आदी मंडळाच्या हापिसात फोन लावा. पत्र पोचलं का, एवढं इचारा. कागदाखाली कागद दबतोय, मानसंच असतेत तितं बी. जायचं तर जावा, कुनी तुमाला पळपुटा म्हननार न्हाई, मी तर न्हाईच. पन त्याच्या आदी दीपमालाला आना. पत्र पाठवून न्हाई, सोता जाऊन. अन् तिला इचारा तिला काय पायजे – मला कुनी इचारलं न्हवतं, म्हनून तर मी पिशवीत लपवाय शिकले. हप्त्यातला एक दिवस तिचा ठिवा, त्या दिवशी मेलं कुनी तरच उठायचं. मंग दोघं मिळून उसाच्या कोप्यावर जाऊन या एकदा. तुमची हजेरी तितं घ्या. मंग ठरवा. राहिलात तर सातालाच सातशे समजून न्हाई, सातच समजून राहा. सात मानसं म्हंजी लई काम असतंय, नीट केलं तर.

काय बगता फाटकाकडं? आले का – तेच हायेत. मेथी आनलेली दिसती, मी कोथिंबीर सांगितलती.

न्हाई, तुमी बसू नका आता. मी बसा म्हनलते, मीच म्हनतेय उठा. शेंगोळे राहू द्या, शुक्रवारी या, दीपमालाला घेऊन, मंग पोटभर वाढीन. तुमाला सांगून झालं अन् त्यांना न सांगता निजायचं, हे आता मला जमनार न्हाई. ते पुढच्या महिन्यात मेळाव्यात पुन्हा उभे राहतील अन् तुमच्यासारखं कुनीतरी खाली बसलेलं असंल. रागावतील? रागावतील. दोन दिवस बोलनार न्हाईत, जास्तीत जास्त. न्हाई, तुमी मधी पडायचं न्हाई, नमस्कार करा अन् जावा, दाराच्या ह्या बाजूनं.

अहो, पिशवी ठिवा खाली. आलते, शिरूरचे पास्टर, गेले बी. पानी देते मंग. आदी हितं बसा, माज्याजवळ.