पुस्तकातला आकडा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गदगच्या एका रुग्णालयात गंगव्वाला अतिदक्षता विभागात नेलं. तिचा नवरा आणि नववीतली मुलगी बाहेरच्या बाकावर टेकली. त्याच बाकावर विज्ञानाचे शिक्षक हिरेमठ आपल्या वर्गाच्या प्रयोगवह्या तपासत बसले होते. ते या दोघांना ओळखत नव्हते.

“चार दिवस ताप होता म्हणतात डॉक्टर. तू तर फोनवर रोज अठ्ठ्याण्णव सांगत होतीस.”

“तापाच्या वहीत तेच होतं, अप्पा.”

“आणि थर्मामीटरमध्ये?”

“एकशे चार. तीनदा झटकून लावला. वाटलं, माझंच चुकतंय.”

“अंगाला हात लावला नाहीस?”

“लावला. चटका बसत होता.”

“मग गं?”

“शाळेत पाणी सत्त्याण्णवलाच उकळलं, तर सरांनी खोडलं. शंभर लिहिल्यावर बरोबर दिलं. म्हणून इथंही पुस्तकातला आकडा लिहिला.”

“विज्ञानात पहिली येते म्हणून लॉरीच्या क्लीनरलासुद्धा सांगत होतो मी.”

“रागवा ना, अप्पा.”

“आधी पाणी पी.”

“परवा अव्वा म्हणाली, अंग जळतंय. मी म्हटलं, उगाच काय अव्वा, वहीत ताप नाहीये.”

हिरेमठांच्या मांडीवरच्या पानावर कुणीतरी सत्त्याण्णव लिहिलं होतं. त्यावर लाल रेघ मघाशीच मारून झाली होती.

बारा वाजता नर्स बाहेर आली.

“शुद्ध नाही अजून. ताप एकशे तीन.”

“एकशे तीनच, की वर पॉइंट काही, अक्का?” मुलीनं वही उघडत विचारलं.