बादल्या भरून घ्या, उत्तरा

आणि म्हणे, सोपं आहे काका! कसलं डोंबलाचं सोपं?... तुम्हाला सांगतो, साधा मंगळवार होता, मी मेथी निवडत बसलेलो, आणि आमच्या कोपरीच्या सोसायटीचे चेअरमन कमलेश भोईर दारात. ‘ओ सर, जरा नाजूक विषय आहे. मॅडमना जाऊन अडीच महिने झाले, पण रोज सकाळी सहाला सगळ्यांच्या मोबाइलवर अजून येतंच, “पाणी सव्वासहाला, बादल्या भरून घ्या, उत्तरा.” तिसऱ्या मजल्यावरच्या सखुबाई मोबाइलला हात जोडतात, मगच नळ सोडतात! नाव तेवढं काढा ना.’

आता पालिकेचं पाण्याचं वेळापत्रक बघून हा मेसेज धाडणारा प्रोग्रॅम माझ्या बायकोने, उत्तराने, निवृत्तीनंतर हौसेने शिकून लिहिलेला. तो घरातल्या लॅपटॉपवर चालतो म्हणावं, तर नाही! चालतो कुठल्याशा परदेशातल्या सर्व्हरवर. नळ कोपरीत, बादली कोपरीत, आणि पाणी कधी येणार हे सांगणार कोण, तर सातासमुद्रापलीकडचं एक खोकं! लिहायचं इथे, चालणार तिथे! ही काय पद्धत झाली?

बत्तीस वर्षं मराठी शिकवलं मी, वह्यांचे ढीग तपासले, एक शब्द खोडायला मला कोणाची मदत लागणार होती? ती प्रोग्रॅम लिहायची तो एडिटर उघडला, ‘उत्तरा’ खोडलं, ‘सचिव’ लिहिलं, तिच्या वहीत बघून चालवायची आज्ञा दिली. बुधवारी सकाळी सहाला... ‘बादल्या भरून घ्या, उत्तरा’! पुन्हा खोडायला गेलो, तर खोडणार काय? खोडलेलंच होतं! माझ्या स्क्रीनवर सचिव, सखुबाईंच्या मोबाइलवर उत्तरा! गुरुवारी उत्तरा. शुक्रवारी तर, ‘आज पाणी नाही, उत्तरा’! लिहायचं इथे, चालणार तिथे, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही!

शेवटी डोंबिवलीला प्रीतमला फोन लावला. उत्तराचा भाचा, दिवसभर प्रोग्रॅमच लिहितो. ‘सोपं आहे काका! तुम्ही तुमच्याकडची कॉपी बदलताय आणि चालवताय तिकडची, मावशीची. अहो, वर पाठवायला लागते. वर गेली का?’

म्हटलं, ‘कोण?’

तो हळूच म्हणाला, ‘फाईल, काका.’

शी! काय ही भाषा! वर पाठवा, वर गेली... ‘पोचली का’ म्हणायला काय होतं या लोकांना?

बरं, पाठवायचं बटण सापडलं. वर तोंड केलेला बाण. दाबला, तर तो मलाच विचारतो, ‘तिथली फाईल पुसून ही ठेवू का?’ खाली दोन चौकटी, हो आणि नाही. अरे, हा काय प्रश्न झाला? तोही असा, भाजी गॅसवर असताना?... मी लॅपटॉप मिटून ठेवला.

कमलेश जिन्यात भेटतात. ‘सर, झालं का आपलं काम?’ मी म्हणतो, ‘त्याचं असं आहे, भोईर, लिहायचं इथे, चालणार तिथे. वेळ लागतो.’ त्यांना ते पटतं. त्यांना वाटतं, सरांना कळतं यातलं!

आज सकाळी सहाला मोबाइल वाजला. मी उठून बादली लावली.

ते ‘हो’ अजून दाबलेलं नाही.