सासूबाईंचं नावेचं भाडं

"रोमचं साम्राज्य अजरामर आहे!" सार्वजनिक शौचालयाच्या, ओळीने भोकं पाडलेल्या संगमरवरी बाकावर, वस्त्र वर सावरून बसल्या बसल्या मुस्तियसने जाहीर केलं. त्याच्या पायाशी बादलीत, ढुंगण पुसायला सगळ्यांना मिळून एकच, काठीला बांधलेला स्पंज होता. पलीकडच्या भोकावर बसलेल्या म्हाताऱ्या ओपिलियसने कान टवकारले.

"अजरामर म्हणे!" मुस्तियसचा शेजारी त्रेबियस म्हणाला. "सम्राटाचं नवं चांदीचं नाणं बघितलंस? आठवड्यात मुलामा उडतो आणि सम्राटाचं नाक तांबडं होतं."

"काय सांगतोस! तसलंच मी सकाळी सासूबाईंच्या तोंडात ठेवलंय. मेलेल्यांना पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून."

"मेलास! तो दाताखाली धरून बघणार."

"आणि?"

"बाईंना काठावरूनच परत पाठवणार."

"परत? कुठे?"

"तुझ्या घरी. दुसरं कोण आहे त्यांना?"

"अरे देवा! संध्याकाळी अंत्ययात्रा आहे. अहो आजोबा, तुमच्याकडे जुन्या त्रायान सम्राटाच्या वेळचं, अस्सल चांदीचं एखादं नाणं असेल ना?"

"आहे. पण ते मी माझ्या नावाड्यासाठी जपलंय."

"तुम्ही तर चांगले ठणठणीत आहात! वाचवा मला. मागाल ते देतो."

"मागेन ते?"

"ज्युपिटरची शपथ!"

ओपिलियसने मुस्तियसच्या पायाशी असलेल्या बादलीकडे बोट दाखवलं.

"मग आधी तो काठीचा स्पंज इकडे दे."